राहिलेली चार मिनिटं

काकांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा काकूंनी आधी मला देवघर दाखवलं. मी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि त्याच ओघात शेजारच्या मोठ्या फ्रेमलाही हात जोडले. फ्रेममध्ये चिखलानं माखलेले अकरा गोरे पुरुष होते. कुणाचं नाक वाकडं, कुणाचा कान सुजलेला, आणि पुढच्या रांगेत एकजण मांडीवर भलामोठा चेंडू घेऊन बसलेला. फ्रेमला झेंडूचा ताजा हार होता.

"डावीकडचे देव," काकू म्हणाल्या. "उजवीकडचे ह्यांचे. त्यांना नमस्कार केलाच पाहिजे असं नाही. पण केलास ते बरं झालं."

काका जिन्यात उभे राहून बघतच होते. "मनापासून केलान," ते म्हणाले. "बेसमेंट हिला द्यायचं."

माझी मुलाखत एवढीच झाली. ज्या हॉस्पिटलच्या आयटीत मी लागले होते, त्यांनी याहून सोप्या कामासाठी माझ्या चार मुलाखती घेतल्या होत्या.

ओहायोतलं, नदीकाठचं ते गाव. एकेकाळी तिथे पोलादाची मिल होती, ती बंद पडली, आणि उरलं ते हॉस्पिटल, दोन चर्च, एक बोलिंगचा अड्डा आणि काका. काका त्या मिलमध्ये मेटलर्जिस्ट होते. मिल बंद झाली त्या दिवशी जो तो आठवण म्हणून काहीतरी घेऊन घरी गेला. कुणी खुर्ची नेली, कुणी अवजारं. काकांनी कॅन्टीनच्या भिंतीवरची ती फ्रेम उचलली. ती फ्रेम म्हणजे गावाची फुटबॉलची टीम.

फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला. त्यात पायाला काम कमी आणि हाताला जास्त. चेंडू उराशी धरून समोरच्या टोकाच्या रेषेपार जायचं, की टचडाऊन, सहा गुण. ते जमत नसेल तर चेंडू लाथेनं दोन खांबांमधून उडवायचा, की तीन. समोरच्या अकरा जणांनी तुम्हाला पाडायचं. एवढं कळलं की बास. मला याहून जास्त आजही कळत नाही, आणि काकांपाशी राहून हे टिकवणं सोपं नव्हतं.

आज त्या खेळाची केवढी ऐट आहे, स्टेडियम काय, जाहिराती काय. पण शंभर एक वर्षांपूर्वी पैसे घेऊन फुटबॉल खेळणं लोकांना जरा हलकंच वाटायचं. शनिवारी कॉलेजची पोरं खेळायची, ते सभ्य. रविवारी मिलमधले, खाणीतले लोक मानधन घेऊन गायरानात लोळायचे, ते असभ्य. कॉलेजातलेच काहीजण शनिवारी स्वतःच्या नावानं खेळून रविवारी खोट्या नावानं यायचे. टीम वर्ष-दोन वर्षं चालायच्या आणि बंद पडायच्या. या गावाची टीम दोन सीझन टिकली. ती काका सोडून गावात कुणालाही आठवत नव्हती.

काकांना मात्र ती माणसं शेजाऱ्यांसारखी माहीत होती. नावं खोटी असण्याची शक्यता असल्यामुळे ते त्यांना धंद्यावरून ओळखायचे. हा न्हावी. हा बॉयलरवाला. हा शवपेट्या करणारा, या दोघांना खेळता खेळता गिऱ्हाईक म्हणून बघायचा. "न्हाव्याचा गुडघा पुन्हा गेला," असं ते सकाळी पोहे खाताना सांगायचे, तेव्हा पहिले काही आठवडे मी खरोखरच हळहळले.

"लग्न करून आले," काकू एकदा मला म्हणाल्या, "तेव्हा हे एकटेच राहतात असं सांगितलं होतं. मग एक दिवस अकराजण आले, ते गेलेच नाहीत."

काकांकडे चामड्याचं जुन्या पद्धतीचं हेल्मेट होतं. ते त्यांनी स्वतःच्या ऑफिसच्या जुन्या बॅगेतून शिवलं होतं, आणि त्याच्या उजव्या कानावर बॅगेचं बक्कल तसंच राहिलं होतं. हिवाळ्यात बर्फ ढकलताना आणि उन्हाळ्यात लॉन कापताना ते डोक्यावर असायचंच. आताच्या खेळाडूंबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "गाद्या बांधून खेळतात लेकाचे," ते म्हणायचे. फेब्रुवारीतली मोठी फायनल बघायला महाराष्ट्र मंडळातली माणसं कुणाच्या तरी घरी जमायची, तिथे काका यायचे ते फक्त नाक मुरडायला. कुणी लांब पास फेकला आणि सगळे ओरडले, की काका थंडपणे म्हणायचे, "पास आमच्या वेळीही कायद्यात होता. इभ्रतीत नव्हता."

आमच्या वेळी! काकांचा जन्म साताऱ्याचा, त्या टीमनंतर वीसेक वर्षांनी झालेला. पण हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

त्या काळचे नियम ते घरातही लावायचे. तेव्हा म्हणे एखादा खेळाडू बाहेर गेला, की त्या क्वार्टरमध्ये, म्हणजे खेळाच्या चार भागांपैकी त्या भागात, त्याला परत येता येत नसे. त्यामुळे जेवताना फोन आला म्हणून कुणी ताटावरून उठलं, की काका त्याचं ताट बाजूला सरकवायचे. "आता पुढच्या क्वार्टरला." पुढचं क्वार्टर म्हणजे कॉफीची वेळ. बालरोगतज्ज्ञ असलेले एक गृहस्थ एकदा पेशंटच्या फोनसाठी उठले आणि श्रीखंडाला मुकले. ते नंतर यायचे ते फोन गाडीत ठेवून.

दुसरा नियम याहून कामाचा होता. त्या काळी चेंडू पुरवायचा यजमान टीमनं, आणि पाहुण्यांनी तो मुकाट घ्यायचा. चेंडू फुगलेला असो, भिजलेला असो, एका बाजूनं बसलेला असो. घरात कुणी उपमा अळणी आहे म्हणालं, चहा गोड आहे म्हणालं, की काकांचं उत्तर ठरलेलं, "यजमान देतील तो चेंडू!" काकूंनी हा नियम चटकन उचलला होता. सलग तीन दिवस कारलं केलं की त्या काकांच्या पानात वाढतानाच म्हणायच्या, "यजमान देतील तो चेंडू." काका मुकाट गिळायचे. नियमाचे पक्के होते.

माझ्या भाडेकरारात एक कलम असं होतं, की दर शनिवारी सकाळी मी काकांबरोबर लायब्ररीत यायचं. तिथे जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर होती, आणि मोतीबिंदूमुळे काकांना ती वाचता येत नव्हती. म्हणून मी मशीनमध्ये डोकं घालून मोठ्यानं वाचायचे आणि काका शेजारी डोळे मिटून ऐकायचे. मला खेळातलं काही कळत नसल्यामुळे मी खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीही त्याच आवाजात वाचत जायचे. काका तेही थांबवत नसत. "वाच, वाच, बॉयलरवाला तेच औषध घ्यायचा."

एक बातमी मात्र मी इतक्यांदा वाचली, की ती मला पाठ झाली. टीमचा शेवटचा सामना. समोर नदीपलीकडच्या गावाची टीम. आपलं गाव तीन-शून्यनं पुढे. खेळ संपायला चार मिनिटं बाकी, चेंडू पाहुण्यांकडे, आणि तेवढ्यात पुलावरून परत जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ झाली. पाहुण्यांनी चेंडू खाली ठेवला, कोट चढवले आणि ते चक्क स्टेशनकडे चालू लागले. पुढच्या आठवड्यात आपल्या टीमचा कारभार आटोपला. ती चार मिनिटं राहिली ती राहिलीच.

आपल्या गावाच्या पेपरात छापून आलं, की आपण जिंकलो. पलीकडच्या पेपरात छापून आलं, की सामना अपुरा, निकाल नाही. शिवाय यजमानांनी दिलेला चेंडू वेडावाकडा होता. काकांनी त्या पेपराचं नाव टाकलं होतं. ते त्याला 'खोटारडा' म्हणायचे. "त्या खोटारड्यात एक अक्षर खरं नसतं. त्यांचं हवामानसुद्धा बघू नकोस."

मी एकदा चिडून विचारलं, "काका, शंभर वर्षं झाली. आता कुणाला काय फरक पडतो, यार?"

त्या दिवशी त्यांनी मला फ्रेमपाशी नेलं आणि पुढच्या रांगेतल्या, मांडीवर चेंडू घेतलेल्या माणसावर बोट ठेवलं. ते तीन गुण याच्या लाथेचे. काका तिशीच्या आत, नवेनवे मिलमध्ये लागले तेव्हा हा माणूस म्हातारा होऊन मिलच्या गेटवर स्टूल टाकून बसायचा. कॅन्टीनमध्ये काकांच्या टेबलावर कुणी बसायचं नाही. वाईट वागायचे असं नाही, नुसतं बसायचं नाही. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात हा गेटवरचा म्हातारा आपलं स्टूल उचलून आत आला, काकांच्या समोर ठेवलं आणि डब्यात काय आहे विचारलं. डब्यात बेसनाचे लाडू होते. म्हाताऱ्यानं ते अकरा इकडे, अकरा तिकडे असे मांडायला सांगितले. ते काही बावीस नव्हते, तेव्हा उरलेली माणसं मीठमिऱ्यांच्या बाटल्यांची केली. त्या दुपारी काका फुटबॉल शिकले. मग दोन्ही टीम दोघांनी खाल्ल्या.

पुढे सहा वर्षं रोज ते दोघं एकत्र जेवले. मग म्हातारा आजारी पडला. काका हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, की आयुष्यात नाव घेण्यासारखी एक लाथ मारली, आणि ती मोजायची की नाही हेच अजून ठरलेलं नाही. आपण जिंकलो असं दोन्हीकडे छापून आलेलं बघायचं होतं.

"मी म्हटलं, मी बघतो," काका म्हणाले. "शब्द दिला ना. आता काय!"

त्यानंतर मी खोकल्याच्या जाहिरातीही नीट वाचू लागले.

पलीकडच्या गावातही एक काका होतेच. ते तिथल्या टीमच्या कप्तानाचे चिरंजीव, वय शहाऐंशी, जन्मभर शाळेची बस चालवलेली. त्यांना आम्ही आजोबा म्हणायचो. दर शरद ऋतूत त्यांचा फोन यायचा आणि दोघं तासभर भांडायचे. "इट वॉज नेव्हर फिनिश्ड!" आजोबा ओरडायचे. काका फार चिडले की मराठीवर यायचे. "अहो, पळून गेलात तुम्ही, कोट घालून!" आणि आजोबांना ते बरोबर कळायचं, कारण ते लगेच गाडीचं वेळापत्रक काढायचे. फोन ठेवण्यापूर्वी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी व्हायची. आठवडाभरानं पलीकडून टोमॅटो यायचे आणि इकडून लिंबाचं लोणचं जायचं.

मग काकांच्या मुलीनं ठरवलं, की आता पुरे. ती फ्रिस्कोला राहते, टेक्ससमध्ये. ओहायोच्या बर्फात दोन म्हातारी माणसं एकटी, हे तिला बघवत नव्हतं. सप्टेंबर संपायच्या आत घर विकून दोघांनी तिच्याकडे यायचं. काकू एका पायावर तयार होत्या. काका म्हणाले, "माझी चार मिनिटं राहिलीत."

"डॅड, जस्ट पिक अ विनर!" फोनवर मुलगी म्हणाली. "नोबडी इज अलाइव्ह टू कम्प्लेन."

"मी आहे ना अलाइव्ह," काका म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी आजोबांना फोन लावला. राहिलेली चार मिनिटं खेळून टाकू. मैदान तेच, मिलच्या मागचं, आता तिथे गावाचं पार्क आहे. आमच्या मंडळाची गणपतीनंतरची पिकनिक तिथेच असते. आमचे अकरा मंडळाचे, तुमचे अकरा तुमचे. खेळ बरोब्बर दोनला सुरू, कुणी येवो न येवो, कुणाची गाडी सुटो न सुटो. जो निकाल लागेल तो दोन्ही गावांनी मानायचा. आजोबा म्हणाले, चेंडू कोणाचा? काका म्हणाले, नियमाप्रमाणे यजमानांचा. जुन्या पद्धतीचा, जाड, तपकिरी, खडबडीत असा खास चेंडू तुमच्या हातात देतो. आजोबा म्हणाले, डन.

चेंडू काकांनी मोटार-वीज न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या वस्तीतल्या, घोड्यांचं खोगीर शिवणाऱ्या एका माणसाकडून करून घेतला. मंडळाचे अकरा जमवणं त्याहून अवघड गेलं. दोन महिने गराजमध्ये सराव चालला होता. आमच्यात डेटाबेसवाले सहा, एक युरॉलॉजिस्ट, ऑडिट करणारे दोघं, एक कथक शिकवणारी आणि मुंज नुकतीच झालेल्या मुलाचे वडील, एवढी मंडळी होती. ती एकमेकांना पाडायच्या आधी "सॉरी हं" म्हणायची.

"सॉरी नंतर!" काका ओरडायचे. "आधी पाडा!"

"काका, पण लागलं तर?"

"तुम्ही डॉक्टर ना?"

"मी युरॉलॉजिस्ट आहे, काका."

खरं सांगायचं तर आम्हाला फार काही करायचंच नव्हतं. तीन गुणांनी आम्ही पुढे होतो. पाहुण्यांना चार मिनिटं रेषेपार जाऊ दिलं नाही की झालं. काकांनी लायब्ररीतल्या बातमीवरून चेंडू नेमका कुठे होता तेही शोधलं होतं. पिकनिकच्या दिवशी सकाळी सात वाजता, हेल्मेट घालून, त्यांनी गवतावर त्या जागी चुन्याची मोठी फुली मारली. तिथून आमची रेषा सत्तर यार्डांवर. रेफरी स्वतः काका, कारण दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल असा दुसरा माणूसच नव्हता. स्टॉपवॉच माझ्याकडे.

पावणेदोनला काकांनी आमचे अकरा रांगेत उभे केले. आजोबा आले ते तीन गाड्या भरून. बरोबर दहा नातवंडं, एकेक दारात मावणार नाही असं. ती हसतमुखानं हात हलवत होती. युरॉलॉजिस्टांचा चेहरा उतरला.

आणि मग मंडळानं मंडळासारखं केलं. पाहुणे आलेत, वयानं एवढे मोठे, मग सत्कार नको? अध्यक्षबाईंनी, म्हणजे गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी, सगळी तयारी ठेवली होती. खुर्ची कुठे ठेवायची याचा प्रश्न होता, पण सजावट समितीला गवतावर आयती फुली दिसली. खुर्ची फुलीवर आली. आजोबा खुर्चीवर आले. दोनला पाच कमी असताना अध्यक्षबाईंनी भाषण सुरू केलं.

काका घड्याळ बघत होते. मिलमधली सगळी वर्षं त्यांची शिट्टीवर गेली होती. "दोनला मी वाजवणार," ते मला म्हणाले. "तू बटण दाब."

"काका, पण सत्कार..."

"दोन म्हणजे दोन."

अध्यक्षबाईंनी आजोबांच्या खांद्यावर शाल घातली. आजोबा उठून उभे राहिले. अध्यक्षबाईंनी त्यांच्या दोन्ही हातांत नारळ दिला, टाळ्या झाल्या, आणि दोन वाजले. काकांनी शिट्टी वाजवली. मी बटण दाबलं.

खास शिवून घेतलेला चेंडू त्या क्षणी काकांच्या गाडीच्या डिकीत, श्रीखंडाच्या डब्यांखाली होता. किल्ली काकूंच्या पर्समध्ये होती. काकू मसालेभात वाढत होत्या.

आजोबांनी हातात बघितलं. जाड, तपकिरी, खडबडीत. यजमानांनी स्वतः हातात दिलेला. शिट्टी झालेली. त्यांनी नारळ काखेत मारला, दुसऱ्या हातानं काठी सावरली आणि आमच्या रेषेकडे चालू लागले.

पहिल्यांदा कुणाला काही समजलंच नाही. मग नातवंडांना समजलं आणि ती जल्लोष करत आजोबांच्या मागून निघाली. "गो, ग्रॅम्प्स, गो!" आमची पोरंही कडेनं ओरडायला लागली, "टॅकल हिम! समबडी टॅकल हिम!" आणि त्यांच्या आया त्यांच्यावर ओरडल्या, "अरे, आजोबा आहेत ते!"

आमच्या अकरा जणांच्या मागे दोन महिन्यांचा सराव होता आणि पुढे शाल पांघरलेले शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ होते. डेटाबेसवाल्या सहाजणांनी वाट सोडली. कथकवाली आडवी गेली, पण जवळ पोचल्यावर तिनं काठीचं टोक खड्ड्यात जातंय असं पाहून त्यांना हात दिला. युरॉलॉजिस्ट मात्र धाडस करून अगदी समोर उभे राहिले. खाली वाकले. आम्हाला वाटलं, आता पाय धरून पाडतात. त्यांनी पाय धरले, नमस्कार केला आणि बाजूला झाले.

"थँक यू, सन," आजोबा म्हणाले.

अर्ध्यावर ते दम खायला थांबले. अध्यक्षबाई पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या. काका त्यांच्या बाजूनं, ठरल्याप्रमाणे तीन पावलं अंतर ठेवून, चालत होते. शिट्टी त्यांच्या ओठांत होती. नुसती फुंकायची होती.

"काका, वाजवा ना!" मी शेजारून कळवळून म्हणाले. "नारळ आहे तो! मोजत नाही! वाजवा!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. बक्कलाखालून घाम ओघळत होता. ओठांतली शिट्टी त्यांनी काढली आणि खिशात ठेवली.

"यजमान देतील तो चेंडू," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की मी स्टॉपवॉच फेकून देणार होते. हातात जिंकलेला सामना, म्हाताऱ्याला दिलेला शब्द, माझे दीड वर्षाचे शनिवार, सगळं हा माणूस एका नियमासाठी सोडून देत होता. आणि त्याच क्षणी हेही समजलं, की याच माणसाच्या शब्दावर गेटवरचा म्हातारा विसंबला होता ते का.

आजोबांनी रेषा ओलांडली तेव्हा माझ्या घड्याळात तीन मिनिटं छप्पन्न सेकंद झाले होते. ते नारळ खाली ठेवेपर्यंत चार झाली. काकांनी दोन्ही हात वर केले. टचडाऊन. सहा-तीन. नियमाप्रमाणे एक जादा गुणाची लाथ मिळते, ती नारळाला मारायला आजोबांनी नम्रपणे नकार दिला.

"पाहुणे जिंकले," काकांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, आणि मग ते पाणी प्यायला गेले ते बराच वेळ पाणीच पीत राहिले.

खरा प्रकार आजोबांच्या लक्षात आला तो नातीनं कानात सांगितल्यावर. ते काकांकडे येऊन म्हणाले, हे चालणार नाही, परत खेळू. काका म्हणाले, निकाल लागला. परत दोघं भांडले. काकूंनी भांडण मिटेना म्हणून नारळच फोडला आणि सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. आजोबांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला.

फ्रिस्कोला जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला गाडी काढायला सांगितली. दफनभूमीत गेटवरच्या म्हाताऱ्याच्या दगडापाशी त्यांनी बेसनाचा एक लाडू ठेवला. काय झालं ते सगळं इंग्रजीत नीट सांगितलं, सत्काराच्या खुर्चीसकट. "आय ॲम सॉरी," ते शेवटी म्हणाले. "बट इट वॉज अवर बॉल." आमच्या दोघांच्या हिशेबी तो माणूस पन्नास वर्षांनंतर दुसऱ्यांदा गेला होता.

मी आता कॅरीला असते, नॉर्थ कॅरोलिनात. परवाच्या परवा ऑफिसमधून ड्राइव्ह करत घरी येत होते, तर काकांचा फोन. आवाज असा चढलेला, की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"बघितलंस? बघितलंस त्या खोटारड्यानं काय छापलंय?"

पलीकडच्या गावाचा तो पेपर आता आठवड्यातून एकदा निघतो, बराचसा जाहिरातींचाच. त्यात आजोबांचं पत्र आलं होतं, आणि त्यांनी कात्रण काकांना पोस्टानं पाठवलं होतं. काकांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना दिसतं. 'आमच्या गावानं हा सामना कधीच अपुरा म्हणायला नको होता,' आजोबांनी लिहिलं होतं. 'तो समोरच्या गावानं तीन-शून्य जिंकला. ती लाथ मोजायलाच हवी. नंतर खेळलेली चार मिनिटं बाद आहेत, कारण चेंडू बेकायदा होता. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण मी तो खाल्ला आहे.'

"धडधडीत खोटं!" काका ओरडत होते. "सहा-तीन झालंय! मी स्वतः हात वर केलेत! मी म्हटलं नव्हतं तुला, त्या पेपरात एक अक्षर..." आणि तिथे त्यांचा आवाज गेला.

रस्त्याच्या कडेला गाडीत बसून मीही डोळे पुसत होते.

मग फोनवर काकू आल्या. "रडतायत आणि भांडतायत," त्या म्हणाल्या. "सकाळपासून त्या आजोबांना फोन लावून सांगतायत, तुम्ही जिंकलात म्हणून. ते मानायला तयार नाहीत."

"आणि कात्रण?" मी विचारलं.

"ते होय? देवघराशेजारी. फ्रेम उघडून त्या पुढच्या रांगेतल्याच्या मांडीवर लावलंय, चेंडूच्या जागी."